पाणी देणं

आमच्या गावात ‘पाणी दिलं का?’ असा प्रश्न आला की विचारणारा कोण, ते आधी बघावं लागायचं. वडिलांनी विचारलं तर ते उसाचं पाणी. लोहाराच्या भात्याजवळ कुणी विचारलं तर ते विळ्याचं, कुऱ्हाडीचं, नाहीतर नांगराच्या फाळाचं. पातं लाल होईपर्यंत तापवायचं आणि एका झटक्यात पाण्यात बुडवायचं, म्हणजे त्याला कडकपणा येतो. याला आपल्या भाषेत पाणी देणं म्हणतात. धार टिकेनाशी झाली की बायका म्हणायच्या, ‘ह्या विळ्याचं पाणी उतरलं.’

मी मूळचा कराडकडचा. आयटीआय करून भोसरीला आलो आणि गेली २९ वर्षं पोलादाला पाणी देण्याचंच काम करतोय. कारखान्यात त्याला हीट ट्रीटमेंट म्हणतात. पाण्याच्या जागी बहुतेक वेळा तेल असतं, भात्याच्या जागी विजेची भट्टी. त्या भट्टीशेजारच्या पॅनेलवर एक काळा चौकोनी डबा बसवलेला असतो, ९६ मिलिमीटर उंच आणि तेवढाच रुंद. तो टेंपरेचर कंट्रोलर. माझ्या नोकरीतला सगळ्यात जास्त वेळ त्या तळहाताएवढ्या खिडकीसमोर उभं राहण्यात गेला, म्हणून त्याच्याविषयी लिहावंसं वाटतं.

खिडकीत दोन आकडे दिसतात. वरचा लाल आकडा भट्टीत आत्ता किती तापमान आहे ते सांगतो, त्याला पीव्ही म्हणतात. खालचा हिरवा आकडा किती असायला हवं ते सांगतो, तो एसव्ही. साध्या कंट्रोलरमध्ये खालचा आकडा एकदा ठरवला की तिथंच बसून राहतो. प्रोग्रॅमच्या कंट्रोलरमध्ये तो चालतो. किती वेगानं चढायचं, कुठं मुक्काम करायचा, किती वेळ, पुन्हा किती चढायचं, उतरायचं कसं, हे सगळं टप्प्याटप्प्यानं आधीच भरून ठेवायचं आणि रनची कळ दाबायची. चढाला रॅम्प म्हणतात, मुक्कामाला सोक. हायस्पीड स्टीलचं कटर असेल तर आधी ४५० अंशांच्या आसपास मुक्काम, मग ८५० ला दुसरा, आणि मग थेट १२०० च्या घरात. थंड कटर एकदम तेवढ्या आगीत लोटलं तर पातळ दात आधी तापून फुगतात, जाड पोट मागं राहतं आणि त्या ओढाताणीत कटर वाकतं नाहीतर तडकतं. टप्पे हे पोलादाच्या सोयीसाठी असतात. कंट्रोलर ते फक्त लक्षात ठेवतो.

मी कामाला लागलो तेव्हा आमच्या शॉपमध्ये प्रोग्रॅमचा कंट्रोलर नव्हता. एक काटेवाला पायरोमीटर होता, आणि वस्ताद होते. वस्ताद भट्टीचं दार वीतभर उचलायचे, डोळे बारीक करून आत बघायचे आणि काट्याकडं न बघता सांगायचे, ‘अजून आठशेच्या खाली हाय.’ काटा बहुतेक वेळा त्यांच्याशी सहमत असायचा. दुपारच्या उजेडात रंग फसवतो म्हणून भट्टीसमोर त्यांनी गोणपाटाचा पडदा लावलेला होता, आणि उन्हातून आत आल्यावर दहा मिनिटं तरी ते रंगाबद्दल एक शब्द बोलायचे नाहीत. शंका आली की दोरीला बांधलेलं लोहचुंबक तापलेल्या जॉबजवळ, म्हणजे भट्टीतल्या वस्तूजवळ, धरायचे. लोखंड ७७० अंशांच्या पुढं गेलं की चुंबकाला ओळख देत नाही. दोरी सरळ लोंबत राहिली की ते मान हलवायचे.

पाणी दिल्यावरचं काम त्याहून नाजूक. नुसतं पाणी दिलेलं पोलाद काचेसारखं असतं, कडक खरं पण जीव नसलेलं. त्याला पुन्हा बेतानं तापवून थोडं सैल करावं लागतं, ते टेंपरिंग. वस्ताद जॉबवर रुपयाएवढी जागा एमरीनं घासून आरशासारखी करायचे आणि तापवताना त्या जागेवर नजर ठेवायचे. २२० अंशांच्या आसपास तिथं गव्हाळ छटा येते, २८० च्या सुमाराला ती जांभळी होते, ३०० ला निळी. पृष्ठभागावर ऑक्साइडचा बारीक थर चढत जातो आणि त्याच्या जाडीप्रमाणं रंग पालटत जातो. गावचा लोहार विळ्याला पाणी देऊन झाल्यावर पातं दगडावर घासून टक लावून का बघत बसायचा, ते मला भोसरीत आल्यावर कळलं. लहानपणी मला वाटायचं, तो धार बघतोय.

आमच्याकडं पहिला प्रोग्रॅमचा कंट्रोलर आला, तेव्हा आम्ही तरुण पोरं हरखून गेलो होतो. वस्ताद त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग मला म्हणाले, ‘हा खोटं बोलायचा न्हाई. पण तो कुणाबद्दल बोलतोय, ते इचारत जा.’

मी ते वाक्य तेव्हा नुसतं ऐकून घेतलं. त्याचा अर्थ कळायला पुढची बरीच वर्षं गेली.

कंट्रोलरवरचा लाल आकडा बोलतो तो थर्मोकपलच्या टोकाबद्दल, आणि फक्त तेवढ्याबद्दलच. दोन वेगळ्या धातूंच्या तारा एका टोकाला जोडल्या आणि ते टोक तापवलं की दुसऱ्या टोकांवर अगदी क्षीण विद्युतदाब तयार होतो, याचा माग थॉमस सीबेक यांना १८२१ साली लागला. आमच्या भट्ट्यांत के टाइपचा थर्मोकपल असतो. त्यातली एक तार निकेल-क्रोमियमची, दुसरी निकेल-ॲल्युमिनियमची. दर अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट. म्हणजे भट्टी ८५० अंशांवर धगधगत असते तेव्हा त्या तारांतून पॅनेलपर्यंत येणारा निरोप जेमतेम ३५ मिलिव्होल्टचा असतो, टॉर्चच्या सेलच्या चाळिसाव्या हिश्शाइतका. एवढ्याशा निरोपावर तीस-चाळीस किलोवॉटचे हीटर चालू-बंद होत असतात. मला अजूनही या गोष्टीचं नवल वाटतं, आणि त्याच्यापेक्षा जास्त काळजी वाटते.

कारण निरोप बिघडवायला फार काही लागत नाही. थर्मोकपलपासून पॅनेलपर्यंत येणारी वायर साधी तांब्याची चालत नाही, त्याच जातीची कॉम्पेन्सेटिंग केबल लागते. अमेरिकी पद्धतीच्या केबलमध्ये पिवळी तार अधिक आणि लाल तार वजा असते. बॅटरीवर, गाडीवर, सगळीकडं लाल म्हणजे अधिक हे हातात मुरलेलं, त्यामुळं नवा वायरमन इथं हमखास चुकतो. एका टोकाला उलटी जोडली तर लगेच कळतं, भट्टी तापू लागली की आकडा चढायच्या ऐवजी उतरायला लागतो. पण हीच चूक केबलच्या दोन्ही टोकांना झाली तर चुकीवर चूक बसून सगळं सरळ दिसतं. आकडा चढतो, थांबतो, शहाण्यासारखा वागतो. फक्त तो कमी दाखवत असतो. थर्मोकपलचं डोकं, म्हणजे भट्टीबाहेरची त्याची जोडपेटी, ७० अंशांवर आणि पॅनेल ३५ वर असेल तर फरक पस्तिसाचा, आणि आकड्यात चूक पडते त्याच्या दुप्पट. खिडकीत ८४० दिसतंय आणि आत ९१०. मी हे एकदा पाहिलंय. दर खेपेला जॉबचं पोत भरड यायचं, आणि पोलादाच्या जातीवर, तेलावर, शिफ्टवर, सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता. शेवटी कुणीतरी दुसरा, तपासून आणलेला थर्मोकपल भट्टीत सोडून शेजारी शेजारी आकडे बघितले तेव्हा कळलं. तेव्हापासून नवी केबल पडली की दोन्ही टोकांच्या जोडण्या मी स्वतः उघडून बघतो, दुसऱ्यानं बघितलं असलं तरीही.

थर्मोकपल म्हाताराही होतो. महिनोन्‌महिने त्या आगीत राहून तारांची घडण बदलते आणि तो हळूहळू कमी दाखवायला लागतो. वाईट एवढंच की तो हे सांगत नाही. तुटला तर कंट्रोलर लगेच ‘ओपन’ म्हणून ओरडतो आणि हीटर बंद करतो. पण सरकून बाहेर आलेला, म्हातारा झालेला, चुकीच्या जागी बसलेला थर्मोकपल गप्प राहून चुकीचं बोलत राहतो. तसंच हीटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या कॉन्टॅक्टरचं. त्याचे पॉइंट चिकटले तर कंट्रोलरनं कितीही वेळा ‘बंद’ म्हटलं तरी हीटर चालूच राहतात. म्हणून भट्टीला दुसरा, स्वतःच्या वेगळ्या थर्मोकपलचा सुरक्षा कंट्रोलर हवा, जो काही झालं तरी वरच्या मर्यादेला वीज तोडेल. हा खर्च टाळणाऱ्याशी मी वाद घालतो, आणि त्या वादात मी मागं हटत नाही. रात्री मी पॅनेलकडं पाठ करून काम करत असलो तरी कान कॉन्टॅक्टरच्या खटक्यावर असतो. सोक चालू असताना तो खटका श्वासासारखा एका लयीत पडत राहायला हवा.

आता टोकाचं तापमान आणि जॉबचं तापमान, यांतलं अंतर. थर्मोकपल भट्टीच्या मागच्या भिंतीतून वीतभर आत आलेला असतो. पेन्सिलीएवढं त्याचं टोक हवेत असतं, ते मिनिटभरात तापतं. त्याच्यापासून हातभर अंतरावर तीन इंच जाडीचे शाफ्ट रचलेले असतात. खिडकीत पीव्ही आणि एसव्ही एक झाले तेव्हा शाफ्टची कातडी तापलेली असते, काळीज अजून थंड असतं. ‘इंचाला तास’ हा आमचा ठोकताळा त्यासाठीच. आत रचलेला माल जाड असला की चढताना ७३० च्या पुढं लाल आकडा रेंगाळायला लागतो. हीटर पूर्ण जोरात असतात, हिरवा आकडा पुढं निघून जातो, आणि लाल तिथंच घुटमळतो. पोलादाची आतली रचना त्या तापमानाला बदलत असते आणि त्या बदलासाठी ते उष्णता पिऊन घेतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हीटर गेला. मला ते दिसलं की बरं वाटतं. त्या अर्ध्या तासात खिडकीतला आकडा पहिल्यांदाच जॉबबद्दल बोलत असतो.

कंट्रोलरच्या आत पीआयडी नावाचे तीन आकडे असतात. मला ते शिकवायचा प्रयत्न पुष्कळांनी केला, फळ्यावर समीकरणं मांडून केला, आणि मला ते कळले गावी उसात उभं राहून.

थंडीतलं रातपाणी होतं. लाईट रात्रीची, म्हणून मोटर रात्री. वडील पाटाच्या तोंडाशी खोरं घेऊन, मी सरीच्या शेवटाला बॅटरी घेऊन. पाणी शेवटाला पोचलं की मी हाक द्यायची, वडील दारं मोडून पाणी पुढच्या सरीत वळवणार. मी हाक दिली, त्यांनी दारं मोडलं, तरी पाणी येतच राहिलं. सरी भरून सांडली, बांध फुटला आणि चिखल शेजाऱ्याच्या वावरात गेला. वडील आले, बघितलं आणि एवढंच म्हणाले, ‘वाटंत हाय ते पाणी कुठं जाईल?’ मग त्यांनी मला दाखवलं. पाणी शेवटापासून आठ-दहा पावलं अलीकडं असतानाच हाक द्यायची. ते जोरात येत असेल तर अजून आधी. मुरूम असलेल्या सरीत पाणी वाटेत मुरतं, तिथं जरा उशिरा. बॅटरीपेक्षा पायाला विचारायचं, अनवाणी पायाला गारवा लागला की पाणी किती वेगानं येतंय ते समजतं.

त्यानंतर सुट्टी संपवून मी कामावर आलो आणि भट्टीकडं बघताना एकदम उलगडलं. हीटरच्या कॉइल्स लाल आकड्यापेक्षा कितीतरी जास्त तापलेल्या असतात, विटा तापलेल्या असतात. ५८० ला पोचल्यावर वीज तोडली तरी वाटेतली उष्णता येतच राहते आणि आकडा सहाशेच्या वर सांडतो. पी म्हणजे अजून किती उणं आहे त्या मानानं दारं उघडं ठेवणं. डी म्हणजे किती वेगानं येतंय ते बघून आधीच मोडणं. आणि आय म्हणजे मुरमाच्या सरीची आठवण. दर वेळी थोडं कमी पडतंय, कमी पडतंय, हे साठवत जाऊन तेवढी भर घालणं. भट्टीच्या भिंतींतून जी उष्णता सतत मुरत असते, तिची भरपाई आय करतो. त्याच्यात एक खोटही आहे. प्रोग्रॅम चालू ठेवून कुणी दार बराच वेळ उघडं टाकलं, तर आय ती सगळी उणीव साठवत बसतो आणि दार लागल्यावर एकदम ओतून देतो. म्हणून दार उघडायच्या आधी कंट्रोलरचं नियंत्रण थांबवायचं आणि हीटरची वीज तोडायची. हाताला विजेचा धोका असतो, तेही एक कारण आहेच.

नंतर वाचनात आलं की निकोलस मिनोर्स्की यांनी १९२२ साली जहाज आपोआप दिशेवर ठेवण्याचं गणित मांडलं, ते सुकाणूवरच्या माणसाचं काम निरखून. किती चुकलंय एवढंच तो माणूस बघत नाही, कोणत्या वेगानं चुकत चाललंय आणि मघापासून किती चुकत आलंय तेही बघतो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. ते वाचून मला फार आनंद झाला. ज्यानं कुणी ही युक्ती डब्यात भरली, त्यानं ती आधी एका राबणाऱ्या माणसाच्या हातातून घेतली होती. हे तीन आकडे नेमके काढायची रीत झीगलर आणि निकोल्स यांनी १९४२ साली दिली. आता कंट्रोलरलाच ऑटोट्यूनची कळ असते. तो मुद्दाम तापमान लक्ष्याच्या वर-खाली झोके खाऊ देतो, झोका किती मोठा आणि किती वेळाचा ते मोजतो आणि आपले आकडे आपण बसवतो. पण ते झोके खरे असतात, भट्टी खरोखरच वर जाते. म्हणून ऑटोट्यूनच्या वेळी गिऱ्हाइकाचा माल आत ठेवायचा नाही. आणि रिकाम्या भट्टीवरही करायचा नाही. रिकाम्या भट्टीवर काढलेले आकडे भरल्या भट्टीला लागू पडत नाहीत, कोरड्या पाटावरून भरल्या पाटाचा अंदाज येत नाही तसंच. आम्ही त्यासाठी भंगारातले शाफ्ट तेवढ्याच वजनाचे रचून ठेवतो, आणि कामाचं जे तापमान असेल त्याच्याच जवळ ट्यून करतो.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती माझ्या चुकीची आहे.

टेंपरिंगच्या ओव्हनचा कंट्रोलर दुपारी बिघडला होता. त्याच घडणीचा नवा आणून बसवला. संध्याकाळी ईएन २४ जातीच्या पोलादाचे ६४ शाफ्ट तेलात विझवून झाले होते. ते धुवून ओव्हनमध्ये रचले. प्रोग्रॅम तोंडपाठ होता. दोन तासांत ५८० अंश, तिथं तीन तास सोक, मग शेवट. मी ०२.०० भरलं, ०३.०० भरलं, रन दाबलं. हिरवा आकडा चालायला लागला, लाल त्याच्या मागं निघाला. तेवढ्यात हार्डनिंगच्या भट्टीचं दार अडकलं म्हणून हाक आली आणि मी तिकडं गेलो.

परत आलो तेव्हा एक वाजत आला होता. खिडकीत ‘एंड’ लुकलुकत होतं. लाल आकडा होता ३८. तीन वाजेपर्यंत चालायला हवा होता तो प्रोग्रॅम. मी दाराला हात लावला, दार गार. उघडलं. एमरीनं घासलेली जागा आरशासारखी पांढरीशुभ्र होती, गव्हाळसुद्धा नव्हती. आणि मी बघत असतानाच आतून आवाज आला, टिंग. काचेच्या ग्लासावर नखानं टिचकी मारावी तेवढाच. थोड्या वेळानं आणखी एक.

जुन्या कंट्रोलरमध्ये ०२.०० म्हणजे दोन तास होते. नव्यात तेच ०२.०० म्हणजे दोन मिनिटं. कारखान्यातून तो मिनिट-सेकंदावर लावूनच आला होता आणि मी ते एकक तपासलं नव्हतं. अख्खा प्रोग्रॅम पाच मिनिटांत संपला होता. शाफ्ट तापलेच नव्हते. पाणी दिलेलं, न सैलावलेलं पोलाद आतल्या ताणानं तासन्‌तास तसंच पडून राहिलं आणि उकलायला लागलं. सकाळपर्यंत अकरा शाफ्टना चिरा गेल्या. उरलेले आम्ही पुन्हा टेंपर केले, एकेकाची चुंबकीय तपासणी केली, आणि तरीही ते द्यायचे की नाही यावर मालक आणि मी बराच वेळ बोलत बसलो. आम्ही ते दिले नाहीत. नुकसान झालं ते झालं. मला रात्रभर दुसरंच दिसत होतं. एखादी चीर डोळ्यांना दिसली नसती, शाफ्ट कुठल्यातरी ट्रकच्या पोटात बसला असता, आणि घाटात भरल्या लोडनं चढताना तुटला असता.

त्या अकरांतला एक तुकडा मी कापून ठेवला आहे. पॅनेलच्या खाली लोखंडी कपाटावर तो असतो. चीर केसाएवढी आहे, उजेडात तिरका धरला तरच दिसते.

तेव्हापासून रन दाबल्यावर मी जागा सोडत नाही. मनगटावरचं घड्याळ समोर धरतो आणि कंट्रोलरवर उरलेला वेळ बघतो. माझ्या घड्याळात एक मिनिट पुरं झालं, की तिथंही एकच मिनिट कमी व्हायला हवं. मग हलतो. दहा नव्या पोरांपैकी एखादा तरी विचारतो की एवढ्याशासाठी मिनिटभर उभं कशाला राहायचं. त्याच्या हातात मी तो तुकडा देतो.

वीज हा आमच्याकडचा कायमचा प्रश्न. सोक चालू असताना लाईट जाते, वीस मिनिटांनी येते. त्या वेळी कंट्रोलरनं काय करायचं ते आधीच ठरवून ठेवावं लागतं. पहिल्यापासून सुरू करायचं, जिथं सोडलं तिथून पुढं न्यायचं, की थांबून माणसाची वाट बघायची. पुढं न्यायचं ठरवलं तर आणखी एक गोष्ट लागते. तापमान पन्नास अंशांनी घसरलेलं असताना सोकचं घड्याळ चालता कामा नये. त्याला होल्डबॅक म्हणतात. लाल आकडा हिरव्याच्या पाच अंशांच्या आत येईपर्यंत कंट्रोलर वेळ मोजतच नाही. मी तर लाईटचा प्रश्न नसता तरी तो लावला असता. वेळ जॉबच्या बाजूनं मोजायचा, भिंतीवरच्या घड्याळाच्या बाजूनं मोजायचा नाही, हे त्या एका सोयीत आलं. गुरुवारची सुट्टी झाल्यावर शुक्रवारी सकाळी भट्टी थंडगार असते, विटांनी हवेतला ओलावा ओढलेला असतो, पावसाळ्यात तर जास्तच. त्या दिवशीचा प्रोग्रॅम वेगळा असतो, शंभरच्या पुढं थोडा मुक्काम, मग सावकाश चढ. तो मी कधी चुकवू देत नाही. खंडेनवमीला पॅनेल पुसून त्याला हार घालतो, तेव्हा आधी मागच्या पंख्याची जाळी फुंकून साफ करतो. ती पूजा मला मनापासून करावीशी वाटते.

गेल्या वर्षी आमच्याकडं आयटीआयची एक मुलगी अप्रेंटिस म्हणून आली, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक ट्रेडची. हात हलका, वायरिंग स्वच्छ. पहिल्या आठवड्यात तिनं मला हाक मारली, ‘काका, पीव्ही-एसव्ही एक झाले. सोक सुरू झाला ना?’

‘कुणाचा?’ मी विचारलं.

ती थोडा वेळ खिडकीकडं बघत राहिली. ‘म्हणजे... भट्टीचा.’

‘आणि जॉबचा?’

तिनं उत्तर दिलं नाही आणि मीही पुढं काही बोललो नाही. महिन्याभरानं ऑडिटच्या आधी ओव्हनच्या तापमानाची पाहणी होती. आठ कोपऱ्यांत आठ आणि मधोमध एक, असे नऊ थर्मोकपल तारेच्या चौकटीला बांधून तिनंच आत सोडले. प्रत्येकाला नंबर, प्रत्येकाची तार वेगळी. नऊच्या नऊ आकडे मर्यादेत बसले. कागद तयार झाला, सही झाली. पाहणी रिकाम्या ओव्हनची होती.

दोन दिवसांनी ३०० अंशांच्या टेंपरिंगचा माल होता, तीन ट्रे. मी हार्डनिंगला अडकलो होतो, म्हणून दार तिनंच उघडलं. मी आलो तेव्हा ती लॉगबुकात लिहीत होती. तापमानाच्या रकान्यात ३००, वेळेच्या रकान्यात दोन तास, दोन्ही बरोबर. शेऱ्याचा रकाना आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या रिकामा जातो, नाहीतर तिथं ‘ओके’ असतं. तिनं तिथं लिहिलं होतं, ‘वरचे दोन ट्रे निळे. खालचा जांभळा.’

मी वाकून बघितलं. तसंच होतं. एमरीनं घासलेल्या तिन्ही जागा शेजारी शेजारी धरल्या, आणि खालची अगदी स्पष्ट जांभळी. भरलेला ट्रे थेट तळाला टेकल्यामुळं पंख्याची हवा त्याच्याखालून फिरतच नव्हती. रिकाम्या ओव्हनमध्ये हे दिसणार कसं?

खालच्या ट्रेखाली दोन बाजूंना दोन विटा ठेवल्या, ट्रे परत आत लावला आणि तिला म्हटलं, ‘आता ह्याचा सोक तू ठरव.’

ती पॅनेलकडं गेली नाही. बॅटरी घेऊन आधी ओव्हनच्या मागच्या बाजूला गेली, थर्मोकपलचं टोक नेमकं कुठं येतंय ते बघायला.